मोटारीचे दिवे : तारेचे आणि एलईडीचे

दादर आणि परळ यांच्या सीमेवर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर, हिंदमाता या नावाने जो भाग ओळखला जातो, त्याची ख्याती दोन गोष्टींविषयी आहे. एक तेथील कापडाची दुकाने, आणि दुसरी पावसाळ्यात तेथे तुंबणारे पाणी. हा भाग बशीच्या तळासारखा सखल असल्यामुळे चहूंकडचे पाणी तेथे धाव घेते. आणि मुसळधार पाऊस व समुद्राची भरती ही दोन्ही एकाच वेळी आली म्हणजे त्यास बाहेर पडण्यास वाट राहत नाही. अलीकडे महानगरपालिकेने जवळच्या मैदानांखाली मोठमोठ्या टाक्या बांधून हे पाणी काही काळ साठवून ठेवण्याची योजना केली आहे. तथापि जोराचा पाऊस झाला की पदपथ बुडतात आणि पादचाऱ्यांस रस्त्याच्या मधून, मोटारींच्या सोबतीने, पाणी तुडवीत चालावे लागते. अशा संध्याकाळी मोटारीच्या दिव्यांची खरी परीक्षा होते. चालकास पुढचे दिसावे हा दिव्याचा एक उपयोग. आपली गाडी, तिचे थांबणे व तिचे वळणे इतरांस दिसावे, आणि त्यांचे डोळे मात्र दिपू नयेत, हा दुसरा. पहिल्या उपयोगाची काळजी प्रत्येक गाडीवाला घेतो. दुसऱ्याची घेणारे आम्हांस फार थोडे आढळतात.

हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे, कारण हल्ली मोटारीतील जुने तारेचे बल्ब काढून त्यांच्या जागी एलईडी बसविण्याची हौस पुष्कळ घरांत शिरली आहे. गिरगावात ऑपेरा हाऊसच्या आसपास मोटारीचे सुटे भाग विकणारी दुकाने आहेत. तेथे ‘दहा मिनिटांत सगळे दिवे पांढरेशुभ्र करून देतो’ असे सांगणारे लोक भेटतात. मुलगा वडिलांस आग्रह करितो, वडिलांसही जुन्या गाडीचा पिवळट उजेड नकोसा झालेला असतो, आणि सौदा ठरतो. हा सौदा काही दिव्यांच्या बाबतीत उत्तम आहे, काहींच्या बाबतीत जपून करावयाचा आहे, आणि एका दिव्याच्या बाबतीत बहुधा करूच नये असा आहे. असे का, हे समजण्यास शाळेतील पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

प्रथम जुना बल्ब घेऊ. काचेच्या लहानशा फुग्यात टंगस्टन धातूची बारीक वळ्यावळ्यांची तार असते. तिच्यातून विद्युत्प्रवाह गेला की ती अडीच हजार अंश सेंटिग्रेडच्याही वर तापते व प्रकाश देऊ लागते. टंगस्टन वितळण्यास सुमारे ३४२२ अंश उष्णता लागते, म्हणूनच या कामी त्याची निवड झाली. पण विजेचा मोठा भाग उष्णतेतच जातो. शंभर भाग वीज दिली तर डोळ्यांस दिसणारा प्रकाश पाचएक भागच मिळतो. या तारेचा आणखी एक गुण विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. गाडीच्या ब्रेकचा बल्ब २१ वॉटचा असतो व बॅटरी १२ व्होल्टची. म्हणजे प्रवाह झाला पावणेदोन अँपिअर आणि तारेचा रोध झाला सुमारे ७ ओहम. पण हाच बल्ब थंड असताना मीटरने मोजाल तर रोध एका ओहमच्याही आत भरेल. तापल्यावर तो इतका वाढतो. तार तापेपर्यंतचा हा अल्पसा काळ म्हणजेच दिवा लागण्यास होणारा उशीर होय.

एलईडीची रीत अगदी निराळी. त्यात तार नाही आणि तापून लाल होणारे काहीच नाही. दोन प्रकारच्या अर्धवाहक पदार्थांचे थर एकमेकांस चिकटविलेले असतात. प्रवाह योग्य दिशेने सोडला की एका थरातील इलेक्ट्रॉन दुसऱ्या थरातील रिकाम्या जागांत जाऊन बसतात, आणि त्या वेळी त्यांच्याजवळची जास्तीची ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. प्रवाह उलट दिशेने सोडला तर काहीच होत नाही. स्फटिकातून असा प्रकाश निघतो ही गोष्ट मार्कोनीच्या हाताखाली काम करणाऱ्या राउंड नावाच्या इंग्रज गृहस्थाच्या १९०७ सालीच नजरेस आली होती; पण उपयोगी पडेल असा तांबडा एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ साली केला. तांबड्यामागून हिरवा आला. निळा मात्र तीस वर्षे कोणास नीटसा साधेना. तो जपानमधील आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांनी साध्य केला, आणि त्याबद्दल २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. एका निळ्या दिव्यासाठी एवढा मोठा सन्मान कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, निळ्यावाचून पांढरा होत नाही. आज जो पांढरा एलईडी आपण पाहतो, तो आतून निळाच असतो. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या एका भुकटीचा लेप असतो, आणि निळा व पिवळा मिळून आपल्या डोळ्यास पांढऱ्याचा भास होतो.

ही गोष्ट पडताळून पाहणे कठीण नाही. घरात पडलेली एखादी जुनी सीडी घ्या. तिच्या चकचकीत बाजूवर एकदा तारेच्या बल्बचा व एकदा पांढऱ्या एलईडीचा उजेड तिरपा पाडा. पहिल्यात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा अखंड दिसेल व त्यात तांबड्याचा भाग भरघोस असेल. दुसऱ्यात निळ्याची एक ठळक रेघ, मग जरा रिकामी जागा, मग हिरवा-पिवळा, आणि तांबडा अगदी बेताचा. आता मोटारीच्या मागच्या दिव्याचा विचार करा. त्याची काच तांबडी असते; ती तांबडा प्रकाश तेवढा बाहेर जाऊ देते, बाकीचा अडविते. तारेच्या बल्बमागे ती काच शोभते, कारण तारेच्या उजेडात तांबडा भरपूर आहे. पण तिच्यामागे पांढरा एलईडी बसविला तर ज्याची मुळातच वाण आहे तोच रंग बाहेर जाणार. पुष्कळदा तो गुलाबीसर व फिकट दिसतो, आणि मालक म्हणतो, नवा दिवा जुन्याहून मंद कसा? यास्तव तांबड्या काचेमागे तांबडा एलईडी, पिवळ्या काचेमागे पिवळा एलईडी आणि बिनरंगी काचेमागे पांढरा, हा नियम दुकानात जाण्यापूर्वीच पाठ असावा.

पांढऱ्यातही छटा आहेत हे मुंबईकरांस निराळे सांगण्याची गरज नाही. २०१५ साली मरीन ड्राइव्हवरील सोडियमचे पिवळे दिवे उतरवून पांढरे एलईडी लावले गेले, तेव्हा ‘राणीच्या हारा’चे सोने जाऊन त्याची चांदी झाली म्हणून शहरभर केवढा वाद झाला! एलईडीच्या वेष्टणावर केल्विनचा आकडा असतो. तीन हजारांच्या आसपास असेल तर उजेड जुन्या बल्बसारखा उबदार. सहा हजार किंवा त्याहून अधिक असेल तर निळसर. गाडीच्या आत आम्हांस उबदार उजेड अधिक रुचतो, पण ती ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट आहे.

आता प्रत्यक्ष काम. गाडीच्या आतले दिवे, म्हणजे छतातला, डिकीतला आणि पुढच्या खणातला, हे बेलाशक बदलावेत. येथे एलईडीचा लाभ निर्विवाद आहे. तो इंधनाच्या बचतीचा नव्हे. दुकानदार तसे सांगतो, पण ज्या इंजिनाची शक्ती चाळीस-पन्नास हजार वॉट आहे, त्यास दहा वॉटांचा काय भार? लाभ आहे तो बॅटरीचा. आपल्या गल्ल्यांत आठवडाभर उभ्या राहून केवळ रविवारी बाहेर पडणाऱ्या गाड्या कमी नाहीत. मुले खेळता खेळता छतातला दिवा लावून जातात आणि तो रात्रभर जळत राहतो. १० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ०.८३ अँपिअर प्रवाह घेतो. दहा तासांत सव्वाआठ अँपिअर-तास संपले. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे जवळजवळ पाव बॅटरी एका रात्रीत गेली. बॅटरी जुनी असेल तर सकाळी गाडी चालू होणार नाही आणि सहल शेजाऱ्यांच्या धक्क्यावर अवलंबून राहील. त्याच जागी एक वॉटचा एलईडी असता तर एक अँपिअर-तासही खर्च झाला नसता.

छतातला बल्ब बहुधा लांबट नळीसारखा असून त्याच्या दोन्ही टोकांस धातूच्या टोप्या असतात व तो दोन पत्र्यांच्या चिमट्यांत अडकविलेला असतो. दिवा बंद करावा, बल्ब निवू द्यावा. घाई केल्यास बोटे भाजतात. काचेचे झाकण स्क्रूड्रायव्हरने न उचकटता एखाद्या जुन्या प्लॅस्टिकच्या पट्टीने उचलावे. लोखंडी हत्यार एकाच वेळी चिमट्यास व छताच्या पत्र्यास लागले तर फ्यूज उडतो, म्हणून तो फ्यूज आधीच काढून ठेवणे हे शहाणपणाचे. जुन्या बल्बची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून तितक्याच लांबीचा नवा आणावा. आखूड बल्ब ढिला बसतो व खड्ड्यागणिक मिचमिचतो. नवा बसविल्यावर लागला नाही तर तो वाईट आहे असे समजून परत करू नये. काढून टोके उलट करून बसवावा. एलईडीतून प्रवाह एकाच दिशेने जातो हे मागे सांगितलेच आहे. नंबरपाटीवरचा व पार्किंगचा लहान बल्बही याच रीतीने बदलता येतो. तो काचेच्या चपट्या पायाचा असून सरळ ओढला की निघतो. नंबरपाटीवर उजेड पांढराच हवा. तेथे निळे-जांभळे दिवे लावून मिरविणारे तरुण कायद्याविरुद्ध वागतात आणि पाटी वाचता येईनाशी करितात.

ब्रेकच्या दिव्याकडे आम्ही अधिक आदराने पाहतो. तार तापण्यास लागणारा जो अल्प काळ, तो सुमारे एक-पंचमांश सेकंद भरतो. एलईडीस तेवढाही लागत नाही. चालकाने पाय दाबताक्षणी तो पूर्ण तेजाने पेटतो. एवढ्याशा वेळाने काय होते, हे गणितानेच पाहावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मागची गाडी सेकंदास १६.७ मीटर जाते, म्हणजे एक-पंचमांश सेकंदात ३.३ मीटर. हे अंतर एका लहान मोटारीच्या लांबीहून फारसे कमी नाही. आंबेडकर मार्गावरील उड्डाणपूल उतरून खाली येताच पुढची रांग थांबलेली दिसते, तेथे हे तीन मीटर कोणाचे तरी हाड वाचवितात. मात्र ब्रेकच्या बल्बमध्ये पुष्कळदा दोन तारा असतात, ५ वॉटची रात्रभर लावण्याची व २१ वॉटची ब्रेकची. स्वस्त एलईडीत या दोन तेजांत पुरेसा फरक राखलेला नसतो. मग मागून येणाऱ्यास गाडी नुसती चालली आहे की थांबते आहे हे कळत नाही, आणि उशीर वाचविण्याच्या नादात खूणच नाहीशी होते. म्हणून हा बल्ब बसविल्यावर रात्री एकाने गाडीत बसून ब्रेक दाबावा, दुसऱ्याने वीस पावले मागे उभे राहून फरक स्पष्ट दिसतो की नाही ते पाहावे. मुलांनी हे काम आनंदाने करावे, पण गाडी बंद आवारात उभी असताना, चालत्या रस्त्यावर नव्हे.

वळण्याच्या दिव्यांत, म्हणजे इंडिकेटरमध्ये, एक मौज होते. एलईडी बसवून वळणाचा खटका दाबला की दिवा नेहमीच्या दुप्पट घाईने लुकलुकू लागतो. कारण असे. एका बाजूस पुढचा २१ वॉट व मागचा २१ वॉट असे ४२ वॉट फ्लॅशरच्या ओळखीचे. त्यातला एक बल्ब जळाला तर भार निम्मा होतो, आणि चालकास ते कळावे म्हणून फ्लॅशर भराभर लुकलुकतो. तशी त्यास शिकवणच आहे. एलईडी तीन-तीन वॉटचे. दोन्ही चांगले असूनही फ्लॅशर समजतो की बल्ब जळाले. ज्या जुन्या गाड्यांत तापून वाकणाऱ्या धातूच्या पट्टीचा फ्लॅशर होता, त्यांत तर पट्टी तापण्याइतका प्रवाहच मिळत नाही आणि दिवा न लुकलुकता तसाच पेटून राहतो. आपल्या शहराची ओळख होऊन बसलेली पद्मिनी टॅक्सी त्याच जुन्या युगातली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई, तिच्यात संगणक नावास नव्हता, आणि तिचा बल्ब टॅक्सीवाला उभ्या उभ्या स्वतः बदली. अशी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कचेरीत नोंदली गेली होती; वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून गेली. आजच्या कित्येक गाड्यांत संगणक प्रत्येक बल्बवर पाळत ठेवितो, आणि एलईडीचा थोडका प्रवाह पाहून समोरच्या फलकावर बल्ब जळाल्याची खूण उमटवितो.

यावर दुकानदार एक उपाय सुचवितो. एलईडीच्या जोडीस ६ ओहमचा रोध लावावयाचा, म्हणजे फ्लॅशरची व संगणकाची समजूत पटते. उपाय लागू पडतो खरा. पण १२ व्होल्टवर या रोधातून २ अँपिअर प्रवाह जातो व २४ वॉट उष्णता होते. जी वीज वाचविली ती शेजारीच जाळली! शिवाय हा रोध इतका तापतो की प्लॅस्टिकला टेकला तर ते वितळेल. तो धातूच्या पत्र्यावरच घट्ट बसविला पाहिजे. ज्या गाडीत फ्लॅशर सुटा काढता येतो, तेथे एलईडीसाठी केलेला नवा फ्लॅशर बसविणे हाच सरळ मार्ग. तो नसेल तर इंडिकेटरचे जुने बल्बच राहू द्यावेत. त्यांनी कोणाचे काही बिघडविलेले नाही.

आता पुढचा मोठा दिवा. वाद आहे तो त्याविषयीच.

पुष्कळ गाड्यांत एच-फोर नावाचा बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात. ६० वॉटची दूरचा प्रकाश देणारी आणि ५५ वॉटची खालचा प्रकाश देणारी. या दुसऱ्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे तारेचा प्रकाश मागच्या अंतर्गोल आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि तेथून परतताना रस्त्याकडे, खाली, वळतो. अंतर्गोल आरशाचे आणि त्याच्या नाभीचे चित्र आपण वहीत काढतोच. ही तार नाभीपासून किती अंतरावर व किती उंचीवर हवी हे मिलिमीटरच्या अंशापर्यंत ठरविलेले असते. या साऱ्या खटाटोपाचे फळ म्हणजे एक रेघ. गाडी भिंतीसमोर उभी केली तर त्या रेघेखाली उजेड व वर अंधार असा स्पष्ट भेद दिसतो. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून डाव्या बाजूस ती रेघ जरा वर चढते, जेणेकरून पदपथाच्या कडेचा माणूस दिसावा. उजवीकडे ती खाली राहते, जेणेकरून समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत. दिवा म्हणजे केवळ बल्ब नव्हे. बल्ब, आरसा व काच या तिघांचा मिळून दिवा होतो, आणि तिघांची एकमेकांशी मोजमापाने गाठ घातलेली असते.

या बल्बच्या जागी जो एलईडी विकतात, त्यात एका धातूच्या पट्टीच्या दोन्ही अंगांस पिवळ्या टिकल्यांसारखे एलईडी बसविलेले असतात. तारेच्या जागी तार नाही. दोन सपाट पृष्ठभाग आहेत, आणि मध्ये पट्टीची जाडी आहे. आरसा तर जुन्या तारेसाठी घडविलेला. मग प्रकाश जावयाचा तेथे न जाता काही वर उडतो, काही जवळच्या जमिनीवर गोळा होतो, मध्ये काळे डाग पडतात. बाजारात बल्बची पारख लुमेनच्या आकड्याने करितात, पण लुमेन म्हणजे एकंदर प्रकाश. तो कोठे पडतो हे त्या आकड्यात नाही. चालक गाडीत बसतो, बॉनेटपुढची दहा हात जमीन लख्ख उजळलेली पाहतो व खूष होतो. पण त्या जवळच्या लखलखाटाने त्याच्या डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि दूरचे त्यास पूर्वीहून कमी दिसते. आणि समोरून येणाऱ्याची अवस्था काय वर्णावी! त्यातही वयस्कर माणसांच्या डोळ्यांतील भिंग स्वच्छ राहिलेले नसते. आत शिरलेला प्रकाश तेथेच विखुरतो आणि क्षणभर सगळे पांढरे होऊन जाते. आपल्या आजोबांस रात्री रस्ता ओलांडताना त्रास होतो का, हे विद्यार्थ्यांनी घरी विचारून पाहावे.

पावसात ही पीडा दुणावते. ओला रस्ता काळाकुट्ट दिसतो याचे कारण असे की, कोरडे डांबर खरखरीत असल्यामुळे त्यावर पडलेला प्रकाश चहूंकडे, आपल्याकडेही, परततो. ओल्या डांबरावर पाण्याचा आरसा होतो व प्रकाश पुढच्या पुढे निसटून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपला उजेड आपणांस मिळेनासा होतो, दुसऱ्याचा मात्र मिळतो. पाटीचा एक भाग ओला करून अंधारात तिजवर विजेरीचा तिरपा झोत टाकला की ही गोष्ट घरबसल्या कळते. अशा वेळी चालकास अधिक प्रखर दिव्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु वर उडालेला प्रकाश पावसाच्या थेंबांवर आपटून त्याच्याच डोळ्यांसमोर पांढरा पडदा धरितो. पिवळा प्रकाश पावसातून अधिक भेदून जातो असे लोक म्हणतात. थेंब प्रकाशलहरींहून हजारो पटींनी मोठे असल्याने सर्व रंगांस ते सारखेच अडवितात, तेव्हा त्या म्हणण्यात फारसे तथ्य नाही. पावसात उपयोगी पडते ती वर सांगितलेली रेघ. ती स्वच्छ असेल तर प्रकाश खाली राहतो. ती पुसली गेली तर हिंदमात्याच्या गुडघाभर पाण्यातून छत्री सावरीत येणारी बाई ना तिला दिपविणाऱ्यास नीट दिसते, ना समोरच्या गाडीवाल्यास. आणि तिला स्वतःला पायाखालचा खड्डा दिसत नाही तो निराळाच.

मग नव्या गाड्यांत एलईडीचे मोठे दिवे येतात ते कसे चालतात? त्यांचे आरसे व भिंगे एलईडीसाठीच आखलेली असतात, म्हणून. तेथे बल्ब बदललेला नसतो, सबंध दिवाच निराळा असतो. जर्मनीसारख्या कडक देशात २०२० साली जुन्या दिव्यांत बसविण्याच्या काही एलईडी बल्बांस परवानगी मिळाली. पण तीही सरसकट नव्हे. गाडीच्या ज्या नमुन्यात तो बल्ब तपासून योग्य ठरला, त्या नमुन्यापुरतीच. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत असे फेरफार करण्यास मनाई करिते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्या कलमाचा अर्थ कडकपणेच लाविला. १९८९ च्या नियमांप्रमाणे पुढच्या बाजूस तांबडा प्रकाश दाखविता येत नाही आणि मागचा दिवा तांबडाच असावा लागतो. दंडाची भीती घालणे हा आमचा हेतू नाही, परंतु दुकानातून बाहेर पडल्यावर जबाबदारी दुकानदाराची राहत नाही, गाडीच्या मालकाची राहते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

एलईडी थंड असतो या समजुतीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. त्याच्या झोतात उष्णता नसते हे खरे. पण टिकलीच्या पाठीमागे ती होते आणि तेथून ती काढून नेली नाही तर एलईडी लवकर मंदावतो. म्हणून मोठ्या बल्बच्या बुडाशी ॲल्युमिनियमच्या पाकळ्या किंवा चिमुकला पंखा असतो. तो बसावा म्हणून कित्येक ठिकाणी दिव्यामागचे रबरी झाकण कापतात किंवा काढूनच टाकितात. आमच्या मते हा सर्वांत घातक उद्योग. रस्त्यावर पाणी चढले की ते त्याच वाटेने दिव्यात शिरते, आरशाचा चकचकीत लेप उडतो, एलईडीच्या पोटातील बारीक विद्युत्-मंडळ गंजते. तारेच्या बल्बला निदान पोट नव्हते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागलीच तर दुसऱ्या दिवशी सर्व दिव्यांच्या काचांआड दव साचले आहे का ते पाहावे, आणि असल्यास बल्ब काढून दिवे उघडे ठेवून वाळू द्यावेत.

राहता राहिली ती भिंतीची परीक्षा. मोठा दिवा मुळीच न बदलणाऱ्यानेही ती वर्षातून एकदा, मृगापूर्वी, करावी. कारण खड्ड्यांच्या धक्क्यांनी चांगले दिवेही मान वर करितात. चाळीच्या किंवा शाळेच्या आवारात सपाट जमिनीवर, भिंतीपासून पंचवीस फुटांवर, तिन्हीसांजेस गाडी उभी करावी. चाकांत हवा पुरी असावी, गाडीत एकच माणूस बसावा. खालचा प्रकाश लावून भिंतीवरील उजेडाची वरची रेघ खडूने आखून ठेवावी. ती दिव्याच्या उंचीपेक्षा किंचित खाली असली पाहिजे आणि उजवीकडे आडवी, सरळ असली पाहिजे. मग हौस असेल तर एलईडी बसवून पुन्हा पाहावे. रेघ खडूवर नेमकी आली नाही, फिसकटली, किंवा तिच्या वर उजेडाचे ठिपके उडाले, तर दुकानदाराशी हुज्जत न घालता जुना बल्ब परत बसवावा. त्याची काच बोटांनी धरू नये. बोटांचा तेलकटपणा तापल्या काचेवर राहिला तर ती तडकते. स्वच्छ फडक्यात धरावा. आणि जे जुने बल्ब अजून लागतात ते फेकू नयेत, कागदात गुंडाळून एखाद्या डब्यात घालून डिकीत ठेवावेत.